मेडिकल फिजिसिस्ट व्हायचंय? पदवीच्या नावाआधी पात्रतेची साखळी बघा

कॅन्सरच्या रुग्णाला किरणोपचार द्यायचे ठरले की किती डोस, किती दिवसांत, हे रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट लिहून देतात. तेवढाच डोस गाठीवर पडावा आणि शेजारच्या मज्जारज्जूला, लाळग्रंथींना, आतड्याला झेपेल इतकाच लागावा, हे बघणारा माणूस म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट. त्याला एमबीबीएस लागत नाही. पाया भौतिकशास्त्राचा आणि कामाची जागा रुग्णालयाची.

या वाटेवर मुलं अडकतात ती क्रम चुकल्यामुळे. पदवी हातात असते, गुण चांगले असतात, आणि नोकरीच्या अर्जाच्या वेळी कळतं की मधली एक कडीच नाही. ती कडी नंतर जोडायला दोन-तीन वर्षं जातात, कधी कधी जोडताच येत नाही. म्हणून आधी काम समजून घ्या, मग नियम, आणि कॉलेजची नावं सगळ्यात शेवटी.

काम नेमकं कसलं

लिनॅक, म्हणजे किरणोपचाराचं मशीन, सकाळी सुरू झालं की पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी मशीनचा आउटपुट, म्हणजे त्यातून प्रत्यक्ष किती डोस निघतो ते, तपासलं जातं. रोजच्या तपासणीत ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, महिन्याच्या तपासणीत २ टक्के. मूळ मोजमाप पाण्याच्या फँटममध्ये, म्हणजे शरीराच्या जागी ठेवलेल्या पाण्याच्या टाकीत, होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या टीआरएस-३९८ पद्धतीत १० × १० सेंटिमीटरचं फील्ड घेतात, किरण मोजणारं आयनायझेशन चेंबर पाण्यात १० सेंटिमीटर खोल ठेवतात आणि वाचन घेतात. त्या चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेला जोडलेली असते. हवा विरळ असेल तर तेवढ्याच किरणांत कमी आयन तयार होतात आणि वाचन कमी येतं. म्हणून वाचनाला तापमान-दाबाचा गुणक लावावा लागतो: २७३.२ अधिक पाण्याचं तापमान, भागिले २९३.२, आणि त्याला गुणायचं १०१.३२५ भागिले किलोपास्कलमधला दाब.

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. तिथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. पाणी २५ अंशांवर असेल तर गुणक येतो १.०८५. आता समजा दाबमापक बंद आहे म्हणून कुणी मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमधून १०१ हा आकडा उचलला. ॲपवर दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, खोलीतला नसतो. गुणक होतो १.०२०. त्यामुळे मशीन बरोबर असूनही डोस सहा टक्के कमी भासतो, मग मशीनचा आउटपुट वाढवला जातो, आणि त्यानंतर प्रत्येक रुग्णाला सहा टक्के जास्त डोस जात राहतो. किरणोपचारात सगळ्या टप्प्यांवरच्या चुका मिळून ५ टक्क्यांच्या आत राहाव्यात अशी अपेक्षा असते. इथे एका आकड्यानेच ती मर्यादा ओलांडली. मशीन थांबत नाही, अलार्म वाजत नाही, रुग्णाला काही जाणवत नाही. ही चूक पकडायची तर मोजणाऱ्यालाच शंका यायला हवी. पात्रतेचे नियम एवढे कडक आहेत ते यासाठी, आणि ते तसेच असायला हवेत.

याशिवाय रोजचं काम म्हणजे सीटी स्कॅनवर ट्रीटमेंट प्लॅनिंग, प्रत्येक रुग्णाच्या प्लॅनचा क्यूए (गुणवत्तेची तपासणी), ब्रॅकीथेरपीच्या, म्हणजे शरीरात नेऊन ठेवायच्या किरणोत्सर्गी सोर्सचं कॅलिब्रेशन, नवं मशीन आलं की त्याचं कमिशनिंग (वापराआधीची सगळी मोजमापं), खोलीच्या भिंतींची जाडी ठरवणं, आणि नियामक मंडळाकडे पाठवायचे अहवाल. संध्याकाळी रुग्ण संपल्यावर मशीन मोकळं होतं आणि क्यूएचं बरंच काम तेव्हाच सुरू होतं. हे माहीत असूनच या क्षेत्रात या.

नियम काय म्हणतो

भारतात किरणोत्सर्ग वापरणाऱ्या कामांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं, नियंत्रण आहे. मंडळाची स्थापना १९८३ची, मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला. रेडिओथेरपीसाठीच्या त्यांच्या सुरक्षा संहितेत मेडिकल फिजिसिस्टची पात्रता लिहिलेली आहे आणि तिच्यात दोन वाटा आहेत.

पहिली वाट: मान्यताप्राप्त विद्यापीठाची एम.एस्सी. फिजिक्स, त्यानंतर रेडिओलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्समधला एम.एस्सी.नंतरचा डिप्लोमा, आणि त्यानंतर मान्यताप्राप्त, सुसज्ज रेडिओथेरपी विभागात किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप.

दुसरी वाट: भौतिकशास्त्र हा एक मुख्य विषय असलेली बी.एस्सी., त्यानंतर मेडिकल किंवा रेडिओलॉजिकल फिजिक्समधलीच एम.एस्सी., आणि वर तीच १२ महिन्यांची इंटर्नशिप.

दोन्ही वाटांत तीन-तीन कड्या आहेत आणि तिसरी सारखीच आहे. एकही कडी गाळता येत नाही. विद्यापीठाची पदवी खरी असते, पण मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम करायची पात्रता तिच्यातून आपोआप येत नाही.

बारावीपासूनचा हिशेब

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित ठेवा. जीवशास्त्रही ठेवता आलं तर चांगलंच, शरीररचना पुढे शिकावीच लागते. पण गणित सोडू नका. गणिताशिवाय बी.एस्सी. फिजिक्सला प्रवेश मिळणं अवघड, आणि मिळालाच तरी दुसऱ्या वर्षापासून धाप लागते.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती इथे. बारावीनंतर बी.एस्सी. रेडिओलॉजी अँड इमेजिंग किंवा बी.एस्सी. रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी घ्यायची आणि पुढे मेडिकल फिजिक्समध्ये एम.एस्सी. करू असं मनाशी धरायचं. हे कोर्स तंत्रज्ञ तयार करतात, आणि ते काम मोलाचं आहे. पण त्यांत भौतिकशास्त्र एक-दोन पेपरांपुरतं असतं. नियमातल्या 'मुख्य विषय' या अटीत ते बसवणं कठीण. फिजिसिस्टच व्हायचं असेल तर बी.एस्सी. फिजिक्स घ्या, किंवा तिन्ही वर्षं भौतिकशास्त्र असलेली विषयांची जोडी घ्या. एम.एस्सी. बायोफिजिक्स, एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स, बायोमेडिकल इंजिनिअरिंग या पदव्याही शेजारच्या वाटतात, पण त्या या साखळीत बसत नाहीत.

पदवीच्या तीन वर्षांत टक्केवारी सांभाळा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डिप्लोमासाठी बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्हींत किमान ६० टक्के मागतात. एम.एस्सी.ला ७५ मिळवले तरी बी.एस्सी.चे ५८ मागे जाऊन दुरुस्त करता येत नाहीत.

डिप्लोमा की एम.एस्सी. मेडिकल फिजिक्स

डिप्लोमा इन रेडिओलॉजिकल फिजिक्स, ज्याला सगळे 'डिप.आर.पी.' म्हणतात, हा भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक वर्षाचा पूर्ण वेळ कोर्स. १९६२पासून चालू आहे. जागा मोजक्याच असतात आणि देशभरातून अर्ज येतात. आज मोठमोठ्या रुग्णालयांत ज्येष्ठ पदांवर असलेले बरेच फिजिसिस्ट इथूनच आलेले आहेत. लेखी परीक्षेची तयारी म्हणजे एम.एस्सी.चं मूलभूत भौतिकशास्त्र: आधुनिक भौतिकी, अणुकेंद्रीय भौतिकी, विद्युतचुंबकत्व, इलेक्ट्रॉनिक्स, गणिती पद्धती. मुलाखतीत पाठांतर चालत नाही. 'फोटोइलेक्ट्रिक परिणाम अणुक्रमांकावर कसा अवलंबून असतो, आणि म्हणून एक्स-रेमध्ये हाड पांढरं का दिसतं' असा प्रश्न आला तर पहिल्या अर्ध्याचं उत्तर दुसऱ्या अर्ध्याला जोडता आलं पाहिजे.

एम.एस्सी. मेडिकल फिजिक्स देशात अनेक ठिकाणी आहे. चेन्नईचं अण्णा विद्यापीठ, चंडीगडचं पंजाब विद्यापीठ, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही जुनी, ओळखीची नावं. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात हा कोर्स आहे. पण नाव बघून फी भरू नका. एईआरबीच्या संकेतस्थळावर त्यांच्या निकषांत बसणाऱ्या संस्था आणि कोर्सेसची यादी असते. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची यादी उघडा, त्यात त्याच कोर्सचं पूर्ण नाव आहे का ते बघा, आणि तिची प्रत तारखेसकट जपून ठेवा.

मग कॉलेजला काही प्रश्न विचारा. फोनवर नको, प्रत्यक्ष जाऊन. प्रात्यक्षिकं कुठल्या रुग्णालयात होतात, आणि तिथे लिनॅकवर विद्यार्थ्यांना आठवड्यात किती तास मिळतात? ब्रॅकीथेरपी आहे का? ट्रीटमेंट प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना स्वतः हाताळायला मिळतं, की मागे उभं राहून बघायचं? चेंबर, इलेक्ट्रोमीटर आणि पाण्याचा फँटम विभागाचा स्वतःचा आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: मागच्या दोन बॅचची मुलं इंटर्नशिपला नेमकी कुठे गेली? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नावांनिशी मिळालं नाही तर तिथून निघा. इंटर्नशिप 'होते की' असं मोघम सांगणाऱ्या ठिकाणी ती तुम्हालाच शोधावी लागते, आणि एम.एस्सी. झाल्यावर वर्षभर रुग्णालयांना ईमेल पाठवत बसण्याची वेळ येते.

डिप्लोमा की एम.एस्सी., याचं थोडक्यात उत्तर असं. एम.एस्सी. फिजिक्स चांगल्या गुणांनी होणार असेल तर डिप.आर.पी.चा प्रयत्न कराच. मूलभूत भौतिकशास्त्राची पदवी हातात राहते आणि पुढे संशोधनाकडेही वळता येतं. बी.एस्सी.नंतरच रुग्णालयात जायचं पक्कं असेल तर दुसरी वाट एक वर्ष वाचवते.

इंटर्नशिपचे बारा महिने

हे वर्ष हजेरीचं समजलात तर पुढची पाच वर्षं ते नडेल. काही इंटर्न वर्षभर प्लॅनिंगच्या संगणकासमोरच बसतात, कारण विभागाला तिथे हात हवा असतो. त्यांना प्लॅन उत्तम करता येतो, पण चेंबर हातात घेऊन आउटपुट काढता येत नाही. नोकरीच्या मुलाखतीत हे दहा मिनिटांत उघडं पडतं. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना विनंती करून वर्षाची वाटणी करून घ्या: डोसिमेट्री (डोसचं मोजमाप) आणि मशीन क्यूए, प्लॅनिंग, ब्रॅकीथेरपी, सिम्युलेटर आणि इमेजिंग, किरणोत्सर्ग सुरक्षा. एखाद्या मशीनचं कमिशनिंग किंवा सोर्स बदलणं चालू असेल तर रात्र झाली तरी थांबा. ती संधी वर्षात एक-दोनदाच येते.

ब्रॅकीथेरपीतला इरिडियम-१९२चा सोर्स हे याचं चांगलं उदाहरण. अर्धायुष्य ७३.८ दिवस, म्हणजे रोज साधारण एक टक्का घट. नवा १० क्युरीचा सोर्स अडीच महिन्यांत ५ क्युरीचा होतो आणि सहा मिनिटांच्या उपचाराला बारा मिनिटं लागायला लागतात. म्हणून तो तीन-चार महिन्यांनी बदलतात. दर वेळी नव्या सोर्सची तीव्रता वेल-टाइप चेंबरने मोजून ती उत्पादकाच्या प्रमाणपत्राशी ताडायची, मगच आकडा प्लॅनिंगच्या संगणकात भरायचा. तारीख, वेळ आणि एकक, तिन्ही दोन माणसांनी तपासायचे. कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, त्यामुळे तिथे घट महिन्याला एक टक्क्याच्या आसपास. हे दोन आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजेत.

लॉगबुक रोज लिहा: काय मोजलं, कुठलं उपकरण, काय उत्तर आलं, कुणाच्या देखरेखीखाली. दर महिन्याला सही घ्या. प्रमाणपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विभागातली उपकरणं आणि मार्गदर्शकाचं पद स्पष्ट असू द्या. बारा महिन्यांत दहा दिवस जरी कमी भरले तरी कागद परत येऊ शकतो.

आरएसओ: परीक्षा वेगळी, नेमणूक वेगळी

रेडिओथेरपी केंद्राला परवाना हवा असेल तर तिथे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ, असावाच लागतो. रेडिओथेरपीसाठी लेव्हल ३, न्यूक्लिअर मेडिसिनसाठी लेव्हल २, निदानाच्या एक्स-रेसाठी लेव्हल १. लेव्हल ३ची परीक्षा भाभा अणुसंशोधन केंद्र घेतं. ती पास झालात की तुम्ही आरएसओ होण्यास पात्र ठरता, आरएसओ होत नाही. ती नेमणूक रुग्णालयाने एईआरबीच्या ई-लोरा प्रणालीतून तुमचं नाव पाठवल्यावर आणि मंजुरी आल्यावर होते, आणि ती त्या संस्थेपुरतीच असते. रुग्णालय बदललं की नव्याने प्रक्रिया. हा फरक न कळल्यामुळे अनेक जण अर्जात स्वतःला आरएसओ लिहितात आणि मुलाखतीत अडकतात.

परीक्षेत आणि मुलाखतीत हमखास विचारला जाणारा प्रसंग: ब्रॅकीथेरपीचा सोर्स रुग्णाच्या शरीरातून मशीनमध्ये परत आला नाही, काय कराल? क्रम असा. बाहेरून आणीबाणीचं बटण दाबा आणि खोलीतल्या मॉनिटरवर नजर ठेवा. सोर्स मशीनमध्ये आला नाही तर सर्व्हे मीटर (किरणांची पातळी दाखवणारं यंत्र) घेऊन खोलीत जा, हाताने फिरवायच्या चाकाने सोर्स ओढा. तरीही येत नसेल तर डॉक्टरांनी ॲप्लिकेटर (सोर्स शरीरात नेणारी नळी) काढून थेट शिशाच्या आणीबाणीच्या डब्यात टाकायचा. रुग्णाला बाहेर न्या, आणि रुग्णाच्या अंगाजवळ सर्व्हे मीटर धरून सोर्स खरंच बाहेर आला याची खात्री करा. खोलीला कुलूप लावा, सूचना द्या, नोंद करा. यामागचा हिशेबही सांगता यावा. १० क्युरीच्या इरिडियमपासून एक मीटरवर मिनिटाला साधारण ०.७ मिलिग्रे मिळतात, एक सेंटिमीटरवर मिनिटाला जवळजवळ ७ ग्रे (ग्रे हे डोसचं एकक). म्हणजे एका मीटरवर उभ्या असलेल्या तुमच्यासाठी काही मिनिटं फार नाहीत, रुग्णाच्या ऊतींसाठी प्रत्येक मिनिट भयंकर आहे. आणि म्हणूनच सोर्सला हात कधीच लावायचा नाही, लांब चिमटाच.

आरएसओच्या कामाचा दुसरा भाग कागदांचा आहे आणि तो कंटाळवाणा वाटला तरी जीव वाचवणारा आहे. २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं, वापरात नसलेलं कोबाल्ट-६०चं उपकरण पोचलं. अनेक जण बाधित झाले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. सोर्सची यादी दर वर्षी प्रत्यक्ष मोजून जुळवली असती तर ते उपकरण फाटकाबाहेर गेलं नसतं.

शेजारची क्षेत्रं

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये फिजिसिस्ट आणि टेक्नॉलॉजिस्ट दोघांनाही काम आहे. मुंबईत परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३चं, भाभा अणुसंशोधन केंद्राचाच भाग. इथे कामाचा वेग घड्याळावर चालतो: टेक्निशियम-९९एमचं अर्धायुष्य ६ तास, पेट स्कॅनच्या फ्लोरिन-१८चं ११० मिनिटं. रसायनशास्त्राची आवड असलेल्यांना रेडिओफार्मसीची वाट इथूनच फुटते.

रोगनिदानाच्या बाजूला एक्स-रे, सीटी आणि मॅमोग्राफी मशीनचा क्यूए किमान दोन वर्षांतून एकदा करून घ्यावा लागतो. तो एईआरबीने अधिकृत केलेल्या संस्था करतात. प्रवास भरपूर, पण ट्यूबचं व्होल्टेज, टायमर, फील्डची जुळणी, गळती या मोजमापांवर हात पक्का बसतो. मशीन बनवणाऱ्या कंपन्यांत ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट म्हणून जाता येतं. त्यासाठी आधी दोन-तीन वर्षं रुग्णालयात काम केलेलं असेल तर उपयोगी पडतं, कारण शिकवायचं असतं ते काम करणाऱ्यांनाच.

प्रोटॉन उपचार हे नवं दालन. चेन्नईत २०१९ मध्ये आणि टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात २०२३ मध्ये ते सुरू झाले. तिथे सुरुवातीलाच जाण्याचा हट्ट धरू नका. फोटॉन किरणांवर पाया पक्का नसेल तर प्रोटॉनच्या पल्ल्यातली दोन मिलिमीटरची अनिश्चितता काय करू शकते हे उमजत नाही.

तंत्रज्ञ व्हायचं असेल तर बी.एस्सी. रेडिओथेरपी टेक्नॉलॉजी थेट घ्या. रुग्णाला रोज टेबलावर झोपवून मिलिमीटरपर्यंत जुळवणं त्यांच्या हातात असतं. नियोजनात झालेली सगळी मेहनत शेवटी त्या हातांवर उभी असते.

किरणांची भीती आणि परदेशाची वाट

घरच्यांचा पहिला प्रश्न आरोग्याचा असतो, आणि त्याचं उत्तर आकड्यांत द्या. किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. लिनॅक चालू असताना तुम्ही जाड काँक्रीटच्या भिंतीबाहेर असता. स्त्री कर्मचाऱ्याने गरोदरपण कळताच संस्थेला कळवायचं. तिथून पुढे गर्भासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टची, आणि काम त्याप्रमाणे बदललं जातं.

अमेरिकेत जायचं असेल तर भारतातली एम.एस्सी. आणि अनुभव पुरत नाही. तिथल्या अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजी, म्हणजे एबीआर, या मंडळाच्या परीक्षांसाठी कॅम्पेप या संस्थेने मान्यता दिलेलं शिक्षण आणि रेसिडेन्सी लागते, म्हणून ठरवायचं ते एम.एस्सी.आधीच. ब्रिटनमध्ये क्लिनिकल सायंटिस्ट म्हणून एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते. भारतात राहूनही व्यावसायिक प्रमाणपत्र मिळवता येतं: भारतीय मेडिकल फिजिसिस्टांची संघटना, एएमपीआय, १९७६ची आहे, आणि तिच्याशी जोडलेलं कॉलेज ऑफ मेडिकल फिजिक्स परीक्षा घेतं. नोकरीत दोन-तीन वर्षं झाली की ती द्या.

एक बारीक गोष्ट इंटर्नशिपच्या पहिल्या दिवसापासून पाळायची. टीएलडी बॅज, म्हणजे तुम्हाला मिळालेल्या डोसची नोंद ठेवणारा बिल्ला, छातीवर लावा, शिशाचा एप्रन असेल तर त्याच्या आत, आणि ड्युटी संपली की किरणांपासून दूर ठेवलेल्या स्टँडवर टांगा. बॅज कोटाच्या खिशात विसरून तो कोट एक्स-रेच्या खोलीत टाकला तर बॅज पुढे भलताच आकडा दाखवतो. बॅजबरोबर तुम्हाला एक वैयक्तिक क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा आणि नोकरी बदलताना नव्या रुग्णालयाला तोच द्या, नाहीतर तिथे दुसरा क्रमांक निघतो आणि तुमच्या आयुष्यभराच्या डोसची नोंद दोन तुकड्यांत विभागली जाते.